जिन्यात कोण खोकलं?

खोकल्याचे प्रकार किती, असं कोणी विचारलं असतं तर मापकाकांनी हल्ली न अडखळता सांगितले असते. सिगारेटचा सकाळचा खोकला वेगळा. भाषण करण्याआधीचा वेगळा. 'मी आलोय, दार उघडा' असं सांगणारा वेगळा, आणि नवऱ्याने पाहुण्यांसमोर भलतंच काही बोलू नये म्हणून बायको जो खोकते तो तर सगळ्यांत वेगळा. उरला एक. तो सुरू झाला की थांबत नाही, चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि शेवटी श्वास आत ओढताना घशातून शीळ वाजते. हा शेवटचा प्रकार मापकाकांनी प्रत्यक्ष कधी ऐकला नव्हता. पण तो ऐकू येईल या धास्तीने ते दिवसभर बाहेरच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेले असायचे.

कारण आतल्या खोलीत नात होती. ती ठरल्या वेळेच्या बरीच आधी जगात आली होती आणि इतकी लहान होती की मापकाकांच्या मते तिचं वजन घरातल्या वजनकाट्यावर नव्हे, सराफाच्या तराजूवर करायला हवं होतं. तिच्या आईने गरोदरपणात घ्यायची डांग्या खोकल्याची लस, बाळ लवकर आल्यामुळे राहून गेली होती. बाळाची स्वतःची पहिली लस यायला अजून अवकाश होता. आणि नेमक्या याच दिवसांत परिसरात डांग्या खोकल्याची साथ असल्याचं आरोग्य केंद्राने जाहीर केलं होतं. बाळाच्या डॉक्टरांनी निरोप देताना स्वच्छ सांगितलं, "हिला आत्ता आपण काही देऊ शकत नाही. हिच्या आजूबाजूच्यांना देऊ शकतो. तुम्ही सगळे घ्या. शेजारची मुलंही घेऊ देत. तीच हिची भिंत."

मापकाकांच्या लेकीने ते वाक्य घरी येताच कायद्यासारखं लागू केलं. तिने स्वतः घेतली, आईला घ्यायला लावली, जावयाने तिकडे नोकरीच्या गावी घेऊन दंडाचा फोटो पाठवला. मग ती बाबांकडे वळली.

"बाबा, तुम्ही घेतल्याशिवाय या खोलीत यायचं नाही."

"अगं, मी आजोबा आहे तिचा."

"उंबऱ्याच्या त्या बाजूला राहून आजोबा व्हा."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती मापकाकांनी आजवर कोणाला सांगितली नव्हती, आणि काकूंना ठाऊक होती ती केवळ त्या बायको होत्या म्हणून. मापकाका सुईला घाबरत. साधंसुधं नाही. सुई पाहिली की त्यांच्या कानांत भुंगे गुणगुणत आणि तळहात ओले होत. दवाखान्याच्या जाहिरातीत सुई दिसली तरी ते पान उलटत. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फोडणाऱ्या माणसाला ही गोष्ट शोभणारी नव्हती, म्हणून ती झाकली गेली होती.

सरळ रस्ता असा होता की आरोग्य केंद्रात जावं, बाही वर करावी, मान फिरवावी आणि घरी यावं. पण मापकाकांनी विचार केला की आपण एकट्यानेच घेऊन काय उपयोग? भिंत सगळ्यांची व्हायला हवी! समोरच शिकवणीबाईंचं घर. सकाळ-संध्याकाळ इमारतीतली आणि गल्लीतली मुलं तिथे येतात, जिन्यात शिंकतात, खोकतात, कठड्याला हात लावतात. तेव्हा इमारतीतच लसीकरणाचं शिबिर भरवावं. विचार उदात्त होता यात शंका नाही. त्यात आपली पाळी चार दिवस पुढे जाते हा भाग त्यांनी मनातल्या मनातसुद्धा मोठ्याने उच्चारला नाही.

"शिबिर भरवणार आहे," त्यांनी जाहीर केलं.

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "केंद्र कोपऱ्यावर आहे," त्या म्हणाल्या.

"प्रश्न माझा नाहीये. प्रश्न समाजाचा आहे."

"हो ना. दंड मात्र तुमचा आहे."

मापकाका बाहेर पडले ते तडक आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या कार्यालयीन बाबूने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, कौतुक केलं आणि विचारलं, "खोलीला दोन दारं आहेत ना?"

"कशाला?"

"एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. टोचून घेतलेला आणि न घेतलेला समोरासमोर यायला नको. नियम आहे."

"आमच्या सभागृहाला एक दार आहे. आणि एक मोठी खिडकी."

बाबू विचारात पडला. "खिडकीतून माणूस बाहेर जाऊ शकतो?"

"जाऊ शकतो. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे."

"मग नको," बाबू म्हणाला, आणि त्याने शिवाय सांगितलं की आडवं पडायला एक पलंग हवा, पंखा हवा, आणि किमान वीसेक माणसं तयार हवीत, नाहीतर एवढ्या लांब पथक पाठवता येत नाही. एवढं लांब म्हणजे कोपऱ्यावरून. पण सरकारी अंतर हे पावलांनी मोजायचं नसतं हे मापकाकांना स्वतःच्या नोकरीवरून माहीत होतं, त्यामुळे त्यांनी वाद घातला नाही.

दोन दारांची खोली इमारतीत एकच होती आणि ती शिकवणीबाईंची. जाणारी तुकडी आणि येणारी तुकडी एकमेकांच्या दप्तरांत अडकून रोज मारामाऱ्या होत, म्हणून बाईंनी जिन्याकडे दुसरं दार पाडून घेतलं होतं. मापकाकांना वाटलं, झालं काम. बाई आपल्या शब्दाबाहेर नाहीत.

इथेच घात झाला. बाई मापकाकांच्या शब्दाबाहेर नव्हत्या, आणि अडचण तीच होती.

म्हणजे असं की, या इमारतीला शंका घ्यायला कोणी शिकवलं असेल तर ते मापकाकांनी. गल्लीतला फळवाला ते दिसले की पारड्याखालचं लोहचुंबक काढून खिशात टाकतो, अशी त्यांची ख्याती होती. दुधाची पिशवी, गॅसचं सिलिंडर, पेट्रोलपंपाचा आकडा, यांतलं काहीही त्यांनी न तपासता घरात येऊ दिलं नव्हतं आणि दुसऱ्यालाही येऊ दिलं नव्हतं. 'आधी सील बघा, मग तारीख बघा, मग भांड्याचा तळ बघा,' हा मंत्र त्यांनी प्रत्येक मजल्यावर दिला होता. बाई तर तो मुलांकडून घोकून घेत.

"काका, सील मोडलेलं असतं हो त्या बाटलीचं," बाई म्हणाल्या. "एका बाटलीतून किती तरी जणांना देतात म्हणे. पहिल्याने सील पाहिलं. बाकीच्यांनी काय पाहायचं?"

"बाई, ती गोष्ट वेगळी आहे."

"तेलाच्या डब्याच्या वेळी दुकानदारही हेच म्हणाला होता. तुम्हीच म्हणालात, वेगळं काही नसतं, सगळं सारखंच तपासायचं."

आपलंच वाक्य उलटून अंगावर येतं तेव्हा त्याला उत्तर देता येत नाही, कारण ते चांगलं रचलेलं असतं.

तेवढ्यात विमाभाऊ आले. ते पहिल्या मजल्यावर राहत आणि आयुर्विमा विकत. काय काय वाईट होऊ शकतं हे हसतमुखाने सांगणं हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे त्यांना बाकी कशाबद्दल बोलताच येत नसे. "मी विरोधात नाही हं," त्यांनी सुरुवात केली. विमाभाऊ विरोधात कधीच नसत. "मी फक्त विचारतोय. समजा टोचली. समजा, काही झालं. होणार नाही! पण समजा. जबाबदार कोण?"

"आणि नाही टोचली आणि खोकला झाला तर जबाबदार कोण?"

"तो निसर्ग झाला," विमाभाऊ म्हणाले. "निसर्गावर दावा लावता येत नाही."

जिन्यात मग हळूहळू सभाच भरली. तळमजल्यावर राहणाऱ्या सोसायटीच्या अध्यक्षांनी सांगितलं की आमच्या लहानपणी डांग्या खोकला होता पण लोक मजबूत होते. त्यांना दोन भावंडं लहानपणीच गेलेली होती, हे त्यांना बोलून झाल्यावर आठवलं. एका आईचं म्हणणं, माझ्या मुलाला मागच्या वेळी रात्रभर ताप होता. दुसरीचं म्हणणं, माझ्या मुलाला तापच आला नाही, म्हणजे त्यात पाणीच असणार. मापकाका दोघींकडे आळीपाळीने पाहत होते. घरात नात नसती तर ते कदाचित हसले असते. पण नात दाराआड होती, आणि या सगळ्या गर्दीत कोणीतरी दोनदा खोकलं होतं.

शेवटी बाईंनीच तोड काढली. "हे बघा काका, मला दुसऱ्या कोणाचं काही सांगू नका. तुम्ही स्वतः तपासा. तुम्ही 'ठीक' म्हणालात की माझी खोली तुमची आणि माझे सगळे विद्यार्थी तुमचे."

"तपासतो," मापकाका म्हणाले. पंधरा जण 'वा वा' म्हणाले. त्यांच्या मनाला खूप दिवसांनी बरं वाटलं, आणि माणसाला बरं वाटलं की तो नको ते करून बसतो.

शिबिराच्या दिवशी सिस्टर निळी पेटी घेऊन आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. बर्फाच्या त्या पेटीत लस दोन ते आठ अंशांत ठेवलेली असते आणि झाकणाला आतून तापमापक असतो, हे त्यांनी सगळ्यांना दाखवलं. आकडा पाच होता. एवढ्यावर काम भागलं असतं. पण मापकाकांनी कपाटातून आपला जुना तापमापक आणला होता. खात्याचा, शिक्क्याचा. ज्याने बर्फाचे कारखाने बंद पाडले होते असा. दुसऱ्याच्या काट्यावर दुसऱ्याचं माप तपासायचं नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्व. सकाळपासून त्यांनी तो काळजीने, काच फुटू नये म्हणून, शर्टाच्या आतल्या खिशात छातीशी धरून ठेवला होता.

त्यांनी तो पेटीत ठेवला. मुलं बाकांवर उभी राहून बघत होती. सिस्टर म्हणाल्या, "काका, झाकण जास्त वेळ उघडं नको." मापकाकांनी घाईने तापमापक उचलला, डोळ्यांजवळ नेला, आणि तीस वर्षांच्या सवयीने, ज्या आवाजात ते बाजारात दुकानदाराचं नाव पुकारत त्या आवाजात, म्हणाले, "एकोणीस!"

पुढचं सगळं फार भराभर झालं. आयांनी मुलं उचलली. विमाभाऊ म्हणाले, "मी विरोधात नव्हतो, मी फक्त विचारत होतो." सिस्टरांनी शांतपणे पेटी बंद केली आणि म्हणाल्या, तोंडी का होईना पण हरकत आली की पेटी केंद्रावर नेऊन तपासून घ्यावी लागते, नियम आहे. आणि ज्या दाराने आत आल्या ते सोडून दुसऱ्या दाराने बाहेर गेल्या.

मापकाकांचा मात्र सत्कार झाला. अध्यक्षांनी पाठ थोपटली. "इमारत वाचवलीत!" म्हणाले. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मापकाका विजयी मुद्रेने घरात शिरले आणि तापमापक टेबलावर ठेवला.

काकूंनी तो बघितला. "हा खिशात होता ना सकाळपासून?"

"हो. का?"

"काही नाही. अंगाच्या उबेत होता, आणि तुम्ही तो आत टाकून लगेच काढलात. आपला तर दुधाचा तापमापकसुद्धा खाली यायला वेळ घेतो."

मापकाका खुर्चीत बसले. आयुष्यभर दुकानदारांना 'काटा स्थिर होऊ द्या' असं सांगणाऱ्या माणसाने काटा स्थिर होऊ दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी केंद्रातून निरोप आला की पेटी अगदी उत्तम आहे, पाच अंशांवर होती, तक्रार नक्की कोणाची होती? "इमारतीची," मापकाका फोनवर म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांनी आवाज इतका खाली आणला की पलीकडच्याला दोनदा विचारावं लागलं.

खरं सांगायचं म्हणजे त्यांनी तेव्हाच जिन्यात उभं राहून सांगायला हवं होतं. पण सत्कार ताजा होता. त्यांनी मधला मार्ग काढला. लोकांना सांगितलं, "आता सगळं व्यवस्थित आहे. मी बोललोय त्यांच्याशी." यात खोटं काही नव्हतं. पण लोकांनी त्याचा अर्थ असा घेतला की आधी सगळं अव्यवस्थित होतं आणि मापकाकांनी दम दिल्यावर सुधारलं. खालच्या गल्लीपर्यंत बातमी गेली की केंद्रात शिळी लस देतात. तिकडच्या दोन बायका तर केंद्राच्या रांगेतून मुलांना घेऊन परत आल्या म्हणे. हे ऐकल्यापासून मापकाकांना जेवण जाईना.

आणि मग ती बातमी आली. बेकरीवाल्याचा मुलगा दवाखान्यात भरती झाला. डांग्या खोकला. बरा होईल म्हणाले, मोठा आहे. पण तो परवापर्यंत शिकवणीला येत होता. बाईंच्या दुसऱ्या बाकावर बसत होता. म्हणजे मापकाकांच्या दारापासून किती अंतरावर, हे मोजायला त्यांना कुठलंही माप लागलं नाही.

लेकीने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. दारामागून ती बाळाशी काहीतरी हळू बोलत होती. मापकाका दाराबाहेर उभे राहिले. त्यांना रडायला आलं, आणि त्यांनी ते सर्दीवर ढकललं, आणि सर्दी म्हटल्याबरोबर स्वतःच घाबरून बाहेरच्या खोलीत पळाले.

"पुन्हा शिबिर," त्यांनी जाहीर केलं. बाबूच्या पाया पडायचेच तेवढे बाकी राहिले. पथक पुन्हा मिळालं. लोक मात्र आता तयार नव्हते. शेवटी बाईंनी परत एकदा तोड काढली. मापकाकांचा आणि तोडींचा काही तरी छत्तीसचा आकडा होता. "पहिली तुम्ही घ्या, काका. आमच्यासमोर. तुम्हाला काही झालं नाही की आम्ही सगळे."

मापकाकांच्या कानांत तेव्हाच पहिला भुंगा गुणगुणला.

त्या सकाळी त्यांनी काही खाल्लं नाही. अशा दिवशी पोटात अन्न टाकणं त्यांना धोक्याचं वाटलं. बाईंच्या खोलीत सगळी इमारत जमली होती. येणाऱ्यांसाठी एक दार, जाणाऱ्यांसाठी दुसरं, मध्ये सिस्टर, कोपऱ्यात नियमाप्रमाणे पलंग. बहुतेकांनी जाणाऱ्यांच्या दाराजवळ उभं राहणं पसंत केलं होतं. मापकाका खुर्चीत बसले. बाही वर केली. चेहऱ्यावर त्यांनी एक हसू लावलं होतं. काकू मागे उभ्या होत्या आणि त्यांना ते हसू ओळखीचं होतं.

"काही होत नाही हो!" मापकाका सगळ्यांना उद्देशून म्हणाले. "मुंगी चावल्यासारखं—"

सिस्टरांनी सुईवरचं टोपण काढलं.

मापकाका खुर्चीवरून असे कोसळले की मुंगीचं वाक्य अर्धंच राहिलं.

शुद्धीवर आले तेव्हा ते पलंगावर होते. पाय मुलांच्या एका बाकावर उंच ठेवलेले, एका पायातला मोजा फाटका. पंखा गरगर फिरत होता. भोवती आवाजच आवाज होते.

"बघितलंत! दोन सेकंदांत!"

"एवढा धडधाकट माणूस!"

"मी विरोधात नाही," विमाभाऊंचा आवाज आला, "पण हे आपण डोळ्यांनी पाहिलं."

कोणीतरी वाकून मापकाकांना म्हणालं, "काका, तुमची काही चूक नाही. मात्राच जहाल असणार. तुमच्यासारखा माणूस पडतो म्हणजे काय!" हे म्हणणारे अध्यक्ष होते आणि त्यांच्या स्वरात इतका आदर होता की मापकाकांना क्षणभर डोळे पुन्हा मिटून घ्यावेसे वाटले. तसं केलं असतं तर काही बिघडलं नसतं. जहाल लसीने पडलेला माणूस. उलट मान वाढलाच असता.

त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांच्या हातात सुई होती. भरलेली. काय झालं हे खोलीत फक्त त्यांना आणि काकूंना नेमकं माहीत होतं.

"सिस्टर, तुम्ही सांगा ना यांना," मापकाका पुटपुटले.

"कोणाला काय झालं ते मी दुसऱ्यांना सांगत नाही," सिस्टर हळूच म्हणाल्या. "तुमचं तुम्ही सांगायचं."

लोक हलायला लागले होते. जाणाऱ्यांच्या दाराशी आयांची गर्दी झाली. आणि तेवढ्यात त्या गर्दीतून, दप्तरांच्या उंचीवरून, एक खोकला आला. एकदा. मग पुन्हा. मग थांबेना. मापकाकांनी श्वास रोखून ऐकलं. शीळ वाजली नाही. कोरडा, साधा खोकला होता, बहुधा. पण ते मूल आता जिन्यात जाणार होतं आणि जिन्याच्या पलीकडे त्यांचं दार होतं.

"थांबा!" मापकाका ओरडले. ते उठायला गेले, तर सिस्टरांनी त्यांना एका बोटाने परत आडवं केलं. पाय वरच ठेवायचे, म्हणाल्या. तेव्हा आयुष्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं भाषण मापकाकांना पाय वर करून, फाटका मोजा इमारतीला दाखवत करावं लागलं.

"मला लस टोचलेलीच नाही!"

खोली थांबली.

"म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"सुई दंडाला लागायच्या आधीच मी पडलो. मी घाबरतो. सुईला. लहानपणापासून. यांना विचारा."

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान डोलावली. "बाळंतपण माझं होतं," त्या म्हणाल्या, "आणि इंजेक्शन बघून पडले हे."

"मग ती लस कुठे आहे?" विमाभाऊंनी विचारलं.

सिस्टरांनी सुई वर धरली. सगळ्यांनी पाहिली. मापकाकांनी पाहिली नाही.

"आणि अजून एक," आता सुरूच झालंय तर सगळंच होऊ दे, अशा सुरात मापकाका छताकडे बघत म्हणाले. "त्या दिवशीचे एकोणीस अंश. ते पेटीचे नव्हते. माझ्या छातीचे होते. तापमापक खिशात होता, मी घाई केली. पेटी तेव्हाही ठीक होती. हे मला त्याच दिवशी कळलं आणि मी सांगितलं नाही. तुम्ही सत्कार केलात, मला तो आवडला."

अध्यक्षांनी थोपटलेला हात पाठीमागे नेला.

"तुम्हाला ताप येईल, दंड दुखेल. मुलं किरकिर करतील. 'काही होत नाही' असं म्हणालो तेही चुकलं. होतं थोडं. बाई, तुमचा सिलाचा प्रश्न चांगला होता. मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी वेगळं आहे म्हणालो. सिस्टरना विचारा, त्या सांगतील. मला शंभर विचारा, ह्यांना हजार विचारा. पण विचारून झालं की जाऊ नका हो. घरात एवढीशी पोर आहे. तिला देता येत नाही. ती तुमच्या भरवशावर आहे." इथे त्यांचा आवाज फुटला, आणि या वेळी त्यांनी सर्दीचं नाव घेतलं नाही.

बाई रागावल्या होत्या हे दिसतच होतं. मग त्या सिस्टरांकडे वळल्या आणि सिलाचं विचारलं. सिस्टरांनी सांगितलं. बाटली कधी उघडली ते तिच्यावर कसं लिहितात, किती वेळात टाकून देतात, प्रत्येकाला नवी सुई कशी. विमाभाऊंनीही विचारलं. जबाबदार कोण, तेसुद्धा. सिस्टर म्हणाल्या, "टोचून झाल्यावर अर्धा तास मी इथेच बसते. त्यासाठीच तो पलंग आहे. क्वचित कोणाला त्रास झाला तर त्याचं औषध या पिशवीत आहे." विमाभाऊंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि प्रथमच त्यांना पुढचा प्रश्न सुचला नाही.

"आता ऐका," बाई मापकाकांना म्हणाल्या. त्या मुलांना म्हणत त्याच आवाजात. "आडवेच राहा. माझ्याकडे बघा. एकोणतीसचा पाढा म्हणा."

"बाई, या वयात—"

"म्हणा!"

"एकोणतीस एके एकोणतीस," मापकाका म्हणाले. त्यांचा एक हात बाईंनी धरला होता. दुसरा, टोचायच्या बाजूचा, कोणीतरी घट्ट धरला होता आणि तो हातही ओला होता, म्हणून त्यांनी वळून पाहिलं. विमाभाऊ होते. चेहरा पांढरा पडला होता.

"मलाही भीती वाटते," विमाभाऊ कुजबुजले. "कोणाला सांगू नका."

"एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. त्रिक सत्त्याऐंशी. चोक एकशे सोळा. पाचे एकशे पंचेचाळीस. सक..." मापकाका अडकले. "सक एकशे... अडुसष्ट?"

"चौऱ्याहत्तर!" बाकांवरची सगळी मुलं एका सुरात ओरडली.

"झालं," सिस्टर म्हणाल्या.

"काय झालं?"

"टोचून झालं."

मुलं इतकी हसली की ज्यांना पळायचं होतं तीही थांबली. दुसरा नंबर विमाभाऊंनी लावला, कारण पलंग तयार होता आणि हात आधीच धरलेला होता. मग बाई. मग आया, मुलं पुढे करून. सगळे नाही आले. एक कुटुंब त्या दिवशी घरी गेलं आणि पुढच्या आठवड्यात केंद्रावर जाऊन आलं. एक अजूनही गेलेलं नाही, आणि मापकाका त्यांच्याकडे रोज संध्याकाळी जाऊन, तपासणी न करता, नुसते बसतात. खालच्या गल्लीतही ते दारोदार फिरले. 'एकोणीस अंश माझे होते' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की आता ते त्यांना लागत नाही.

मूल खोकलं होतं ते धुळीने. हे नंतर कळलं.

लस अंगी लागायला दोन आठवडे जावे लागतात असं लेकीने वाचलं होतं, म्हणून मापकाका तेवढे दिवस उंबऱ्याबाहेरच आजोबा राहिले. जिन्यातून जाताना प्रत्येक पोर त्यांना विचारायचं, "काका, एकोणतीस सक?" आणि ते दर वेळी उत्तर द्यायचे. मान जायचा तेवढा गेला होता, त्यामुळे जपायला काही उरलं नव्हतं आणि खुर्चीत पाठ टेकून बसता येत होतं.

मग एका दुपारी लेकीने दार उघडलं आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. किती हलकं होतं ते! मापकाकांना कुठलाही आकडा सुचला नाही. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, रडायच्या बेतात आलं, आणि घाबरून त्यांनी जे पाठ होतं ते सुरू केलं. "एकोणतीस एके एकोणतीस." बाळ ऐकू लागलं.

इतक्यात जिन्यात कोणीतरी खोकलं.

पाढा तोंडातच राहिला. ते उठून दाराशी जाणार, तोच खाली कडी वाजली. मग वरची. मग समोरचं दार उघडलं, जाणाऱ्यांचं आणि येणाऱ्यांचं, दोन्ही. सगळ्या मजल्यांवरून एकदम आवाज आला.

"कोण खोकलं रे जिन्यात?"

"मी, मी!" पहिल्या मजल्यावरून विमाभाऊ कळवळून ओरडले. "चहाचा ठसका लागला हो! नुसता ठसका!"

"तोंडावर रुमाल धरा!" बाई गरजल्या. "वर बाळ आहे!"

एकेक दार लागत गेलं. मापकाका खुर्चीत मागे सरकले, दुपटं नीट केलं आणि दुण्यापासून पुढे म्हणू लागले.